शेवटची दोन बोटं

४ ऑगस्ट
सव्वीस वर्षं मी फक्त लॉगबुक लिहीत आलो. तारीख, विमान, कुठून कुठे, किती तास. घाबरलो हे लिहायला त्यात रकाना नाही. म्हणून बायकोच्या, केनेइल्वेच्या, कपाटातून ही शाळेची वही काढली. तिला सांगितलेलं नाही.

परवा सेरोंगाला उतरताना विमान आपटलं. विमानात नऊ माणसं होती. वारा समोरून होता, वेग बरोबर होता, धावपट्टीवर गाढवंही नव्हती. चाकं टेकायच्या आधी योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, हळूहळू छातीकडे ओढला की नाक वर येतं आणि विमान अलगद बसतं. हे मी हजारो वेळा केलंय. परवाही ओढला. शेवटचं दोन बोटं अंतर राहिलं आणि योक अडला. जोर केला तसा एकदम सुटला. नाक उसळलं, विमान पुन्हा हवेत गेलं आणि पोत्यासारखं खाली आलं.

माझ्या शेजारच्या सीटवर अंड्यांची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. उतरताना म्हणाली, "कॅप्टन, मी अंडी उकडून द्यायला सांगितली असती तर गोष्ट वेगळी. फोडायला कुणी सांगितली?" सगळे हसले. मीही हसलो, पण खुर्चीतून उठलो नाही.

म्मा बोइकान्यो आमची इंजिनिअर. तिने दीड दिवस विमान उघडून तारा, कप्प्या, बिजागऱ्या सगळं पाहिलं आणि नोंदवहीत लिहिलं: तपासले, दोष नाही. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "मोथुसी, सासुरवाडीत कुणाशी भांडलास का? करणी केली असेल कुणी."

नऊ सप्टेंबरला जोहान्सबर्गला मोठ्या सिम्युलेटरवर माझी सहामाही परीक्षा आहे. नापास झालो तर घरी बसावं लागेल, ते सोसता येईल. भीती दुसरीच आहे. पास झालो आणि योक पुन्हा अडला तर? परवा जमिनीपासून हातभर अंतर होतं. जरा वर अडला असता तर नऊ माणसं, आणि दहावा मी.

५ ऑगस्ट
आमची मुलगी लेसेदी गाबोरोनेला शिकायला गेल्यापासून तिच्या खोलीत माझा सिम्युलेटर आहे. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर पडदा, कडेला घट्ट बसवलेला प्लास्टिकचा योक, खाली पेडल. गावी परत जाणाऱ्या एका वैमानिकाकडून सगळं जुनं घेतलंय. आज सेरोंगाची धावपट्टी लावली आणि उतरलो.

शेवटच्या दोन बोटांत अडला. अगदी तस्साच.

आधी घाम फुटला आणि मग इतकं बरं वाटलं की एकटाच हसलो. धूळ! ऑगस्टात माउनमध्ये धूळ कुठे शिरत नाही? तिथे शिरली, इथेही शिरली. विमान बोइकान्योचं आहे, पण हा योक माझा आहे. हा मी नीट करीन. अडणाऱ्या योकवर सराव केला तर हात वाईट सवय शिकतो. म्हणून आधी दुरुस्ती, मग सराव.

बारा स्क्रू काढले. आत एक दांडा प्लास्टिकच्या नळीतून मागेपुढे सरकतो. दोन स्प्रिंगा आहेत आणि हालचाल मोजणारा एक बारीक भाग, त्याला तीन वायरी. राखेसारखी धूळ निघाली, बशीभर. बशी बराच वेळ समोर ठेवून बघत बसलो. इतकं समाधान बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

७ ऑगस्ट
हँगरमधून डबीभर ग्रीस आणलं, चाकांच्या बेअरिंगला लावतात ते. विमानाला चालतं म्हणजे याला चालायलाच हवं. दांड्याला जाडसर लावलं.

केनेइल्वेला दुकानातून आणायची यादी लिहून दिली होती. ती परत आली ती यादी नाचवतच, नेहमीसारखी लेकीच्या नावाने मला हाक मारत. "रा-लेसेदी, ही यादी आहे की मुंग्यांची रांग? माझी दुसरीतली पोरं याहून मोठं लिहितात. मी दुकानदाराला भिंग मागितलं."

"कागद वाचवतोय."

"पहिली ओळ बरी आहे. पुढे अक्षर आपलं बारीक होत होत दाराबाहेर गेलंय."

मी डावखुरा आहे. लहानपणी मास्तरांनी डाव्या हातावर पट्ट्या मारल्या तरी हात बदलला नाही. अक्षर कधीच सुंदर नव्हतं, त्यात नवं काही नाही.

९ ऑगस्ट
योक पूर्ण बसला. हलतच नाही. ग्रीसने प्लास्टिकची नळी फुगली आणि तिने दांडा गच्च धरला.

बोइकान्योला फोन केला. ती इतकी हसली की फोन दुसऱ्या कुणाच्या हातात दिला आणि परत घेतला. "कॅप्टन, विमानाचं ग्रीस लोखंडासाठी असतं. प्लास्टिक त्याने फुगतं. दुसऱ्या कुणाला असा गाढवपणा सुचला नसता, कारण दुसऱ्या कुणाच्या घरात ते ग्रीस नसतं."

"मग काय करू?"

"भांड्याच्या साबणाने धू. दोन दिवस सावलीत वाळव, नळी आपोआप मूळ मापाला येईल. मग पेन्सिलच्या शिशाची पूड लाव, कोरडी. वायरींवर पडू देऊ नकोस. आणि मोथुसी, पुढच्या वेळी विचारून चूक कर."

१२ ऑगस्ट
केनेइल्वेच्या शाळेच्या खोक्यातल्या सहा पेन्सिली फोडल्या. शिसं पाट्यावर बारीक वाटलं, मऊ ब्रशने लावलं. बाजूला उभं राहून उजव्या हाताने ओढून पाहिलं. लोणी! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोणी.

मग खुर्चीत बसलो आणि उतरलो. अडला.

उठलो, उजव्या हाताने ओढलं, लोणी. बसलो, डावा हात योकवर, उजवा इंजिनच्या दांड्यावर, उडताना असतात तसे. अडला. आठ वेळा केलं. मी बसलो की अडतो, उठलो की सुटतो.

म्हणजे दोष बैठकीत आहे. माझ्या वजनाने फरशी दबते, टेबल तिरपं होतं, दांडा वाकडा पडतो. उद्या टेबलाच्या पायाखाली पत्रा घालीन.

१३ ऑगस्ट
पत्रा घातला. खुर्ची बदलली. काही फरक नाही.

केनेइल्वे सुट्टीवर आहे, सारखी खोलीत डोकावते. शेवटी म्हणाली, "मलाही उडवू द्या की. नाहीतर माझ्या पेन्सिली परत द्या." तिला शेजारी बसवलं आणि ताबा देण्याची पद्धत शिकवली. दोन वैमानिक असले की योक नुसता सोडायचा नसतो. एकाने म्हणायचं, ताबा तुझा. दुसऱ्याने हात ठेवून म्हणायचं, ताबा माझा. हे उत्तर ऐकू येईपर्यंत पहिल्याने हात सोडायचा नाही. नाहीतर दोघांनाही वाटतं दुसऱ्याने धरलंय, आणि विमान कुणाचंच नसतं.

"ताबा तुझा," मी म्हणालो.

"बघू द्या आधी. हां. ताबा माझा."

पहिल्या खेपेला नदीत गेली, दुसऱ्या खेपेला शेळ्यांच्या कळपात. तिसऱ्यांदा मी 'ओढ, ओढ' म्हणत राहिलो आणि ती बसली की धावपट्टीवर! उठून नाचली. "सव्वीस वर्षं याचाच पगार घेताय का?"

तिला अडला नाही. ती नवशिकी आहे, शेवटपर्यंत ओढतच नसावी.

१५ ऑगस्ट
आज दोन फेऱ्या. दोन्ही वेळा वेग जरा जास्तच ठेवला आणि नाक आधीच वर राहील अशी मांडणी केली, म्हणजे शेवटी फारसं ओढायला नको. चाकं टेकली. कुणाला कळलं नाही. हे लिहिताना लाज वाटते. दुसरा कुणी असं उडताना दिसला असता तर मी त्याला बाजूला घेऊन विचारलं असतं.

टॉवरवरच्या मुलीने तीनदा विचारलं, "पुन्हा सांगा, आवाज फार बारीक येतोय." हेडसेट बदलून घेतला.

१८ ऑगस्ट
घरी बारा वेळा उतरलो. सात वेळा आपटलो. सातव्यांदा पडद्यावर लाल अक्षरं आली: विमान कोसळले. मी लगेच पडदा बंद केला, कुणी पाहील म्हणून. खोलीत कुणी नव्हतं.

१९ ऑगस्ट
केनेइल्वे शेजारी गेली होती. चुलीवरची ज्वारीची लापशी, बोगोबे, जळून कोळसा झाली आणि मी पाच पावलांवर बसलो होतो. ती धावत आली. "वास येत नाही का तुम्हाला? फाटकापर्यंत येतोय!"

"धुळीने नाक बंद आहे."

भांडं घासता घासता ती म्हणाली, "आणि तुमची बोटं कसला ढोल वाजवतायत?" मी पाहिलं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मांडीवर आपली हलत होती. मी मूठ मिटली.

"चालताना तो हात हलवत पण नाही तुम्ही. तुमच्या सेरोवेच्या मोठ्या काकांसारखा. त्यांचा हात नाही का, कोंबडी धरल्यासारखा पोटाशी..."

मी ओरडलो. काय बोललो ते लिहीत नाही. ती शांतपणे भांडं घासत राहिली, मला तेच सहन झालं नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे आणि हिला काका आठवतात.

२१ ऑगस्ट
एक गोष्ट डोक्यातून जात नाही. विमान हँगरमध्ये, हा योक लेसेदीच्या खोलीत. या दोन यंत्रांची आयुष्यात कधी गाठ पडलेली नाही. एक लोखंडाचं, एक प्लास्टिकचं. एकात तारा, दुसऱ्यात स्प्रिंगा. धूळसुद्धा दोन्हीकडे एकाच जागी, शेवटच्या दोनच बोटांत, कशी बसेल? दोघांत सारखं काय आहे?

इथपर्यंत येतो आणि विचार सोडून देतो. मग उठून स्क्रू आवळतो.

शनिवारी बोइकान्योला घरी बोलावलंय.

२३ ऑगस्ट
ती आली ती ताणकाटा घेऊन. हँगरमध्ये योक किती जोर लावल्यावर हलतो हे ती अशाच काट्याने मोजते. "तो सरकारी शिक्क्याचा आहे, खेळण्यांना मिळत नाही. हा माझ्या भावाचा, मासे तोलायचा," ती म्हणाली. "वास आला तर योकचा दोष समजू नकोस." मला वास आला नाही.

तिने हुक योकला अडकवला आणि बोटाबोटाने ओढत मोठ्याने वाचू लागली. "एक किलो. एक. एक. एकला जरा वर. एकला जरा वर. संपला." शेवटपर्यंत काटा डगमगला नाही.

"मी बसल्यावर अडतो," मी म्हणालो.

"मग बस. हात मांडीवर."

पुन्हा ओढला. तेच आकडे.

"आता डावा हात योकवर ठेव. तू ओढायचं नाही, मी ओढते. हात नुसता जाऊ दे."

"एक. एक. दीड." ती थांबली, पुन्हा ओढू लागली. शेवटची दोन बोटं राहिली आणि काटा उडी मारून तीनवर गेला.

"बघितलंस? अडला की नाही?" मी जवळजवळ ओरडलो. मला आनंद झाला होता. शेवटी दुसऱ्या कुणीतरी पाहिलं.

तिला आनंद झाला नाही. तिने काटा टेबलावर ठेवला, एका हाताने माझं मनगट धरलं आणि दुसऱ्याने कोपर. विमानाच्या पंखाची फळी हलवून बघते तसं.

"ढिला सोड."

"सोडलाय."

"सोडलेला नाही, मोथुसी."

"सोडलाय म्हणतोय ना, म्मा!"

तिने डोळे मिटले. बेअरिंग खराब आहे का ते ती असंच डोळे मिटून बघते. माझा हात हळूहळू वाकवला, सरळ केला, वाकवला. हात सलग जात नव्हता. टक, टक, टक असा दात्यांवरून जात होता. तिला जाणवत होतं ते मलाही आतून जाणवत होतं. मग तिने उजवा हात घेतला. तो पाण्यासारखा गेला.

दारात केनेइल्वे चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला नाही, आतही आली नाही.

बोइकान्योने काटा पिशवीत घातला. "योकला दोष नाही. विमानालाही नव्हता."

"म्हणजे काय?"

"मी यंत्रांची इंजिनिअर. याचा परवाना माझ्याकडे नाही. पण असं विमान माझ्यासमोर आलं असतं तर मी सही करून सोडलं नसतं." दाराशी जाऊन वळली. "मुख्य वैमानिकाला तू सांग. मंगळवार संध्याकाळपर्यंत. नाहीतर मी सांगेन. आणि तोवर उडू नकोस, तुझ्या पाया पडते."

हिने मला आजवर गाढव म्हटलंय, माकड म्हटलंय. पाया पडते असं कधी म्हटलं नव्हतं.

२४ ऑगस्ट
पेन्सिली वाटून हात आखडला असणार. पाट्यावर तासभर वाटत होतो, कुणाचाही आखडेल. बोइकान्यो काय डॉक्टर आहे? मासे तोलायच्या काट्यावर माणसाची सव्वीस वर्षं तोलायला निघाली.

मंगळवारी सकाळी सेरोंगाची फेरी माझ्या नावावर आहे. एकदा, फक्त एकदा नीट उतरलो की सगळ्यांची तोंडं बंद होतील. माझंही.

जेवताना केनेइल्वेने मांसाचे तुकडे आधीच बारीक करून वाढले.

२६ ऑगस्ट
सकाळी गेलो. कुणी अडवलं नाही. बोइकान्यो गावात सुटे भाग आणायला गेली होती.

आठ माणसं. शेजारच्या सीटवर तीच म्हातारी, तीच टोपली. "आज उकडूनच आणली आहेत," ती म्हणाली. "तुझा भरवसा नाही."

धावपट्टीच्या तोंडाशी थांबून योक चारही बाजूंना पूर्ण हलवून बघायचा असतो. त्याशिवाय कुणी उडत नाही. डावीकडे, उजवीकडे, पुढे, आणि मागे छातीपर्यंत. योक मोकळा आहे हे स्वतःच्या हाताने बघायचं. सव्वीस वर्षांत मी हे कधी टाळलेलं नाही. झोपेत विचारलं तरी करीन.

मागे ओढला. दोन बोटं राहिली. अडला.

म्हातारी बघत होती. मी डावा हात उचलून मांडीवर ठेवला, उजवा हात आडवा नेऊन योक धरला आणि ओढला. लोण्यासारखा छातीपर्यंत आला. सोडला, पुन्हा ओढला. पुन्हा आला.

मागे एक माणूस कुणाला तरी लग्नातल्या बैलाची गोष्ट सांगत होता. माझ्या मांडीवर दोन बोटं ढोल वाजवत होती.

"काय राहिलंय?" म्हातारीने विचारलं.

टॉवरवरची मुलगी म्हणाली, "उड्डाणाला परवानगी आहे."

मी म्हणालो, "परत येतोय."

"पुन्हा सांगा. आवाज फार बारीक येतोय."

मी ओरडलो. इतक्या मोठ्याने की मागची बैलाची गोष्ट थांबली. "परत येतोय! मी उडणार नाही!"

इंजिन बंद केल्यावर म्हातारीने विचारलं, "विमान बिघडलं का?"

"विमान चांगलं आहे, आजी. माझा हात अडतो." हे मी पहिल्यांदा ऐकलं, माझ्याच तोंडून.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. टोपलीतून एक अंडं काढून सोललं आणि माझ्या उजव्या हातात दिलं. "खा. म्हणजे त्या दिवशी पण..."

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली. मग टरफलं टोपलीत टाकत, "तुझ्यासाठी नाही म्हणत. आम्हा आठ जणांसाठी."

त्यांना दुसरा वैमानिक घेऊन गेला. मी मुख्य वैमानिकाच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. वेग जास्त ठेवत होतो तेसुद्धा. त्यांनी परवाना माझ्याकडून मागितला नाही. मीच टेबलावर ठेवला.

२९ ऑगस्ट
हे अक्षर माझं नाही. केनेइल्वे लिहिते आहे, मी सांगतो आहे. काल तिला वही सापडली. म्हणजे मी टेबलावर ठेवली आणि तिला सापडली. तिने ती भिंग घेऊन वाचली, शेवटची पानं खिडकीशी नेऊन. वाचून झाल्यावर म्हणाली, "काकांबद्दल मी बोलले ते वाईट वाटलं का?" मी म्हणालो, बरोबर होतीस. ती म्हणाली, "ते मी विचारलंच नाही."

सोमवारी गाबोरोनेला डॉक्टरकडे जायचं आहे. बसने. लेसेदी बस थांब्यावर येणार आहे. तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पप्पा, माझी खोली रिकामी करू नका. योक राहू द्या." बोइकान्योने माशांचा काटा पाठवून दिला आहे, सोबत चिठ्ठी: औषधाने फरक पडतो का ते मोजत जा, दर शनिवारी, आकडे मला कळव.

डॉक्टर काकांसारखा कंपवात म्हणतील की आणखी काही, माहीत नाही. मला भीती वाटते. विमानात वाटायची ती दुसऱ्यांसाठी होती, हे आता कळतं. ही माझी आहे. चमच्याची, बटणांची, सहीची. मला फार भीती वाटते.

हे वाक्य लिहून केनेइल्वे थांबली आणि विचारलं, "मोठ्या अक्षरात लिहू का?" मी म्हणालो, फळ्यावर लिहितेस तेवढ्या. ती हसली आणि तिने डोळे पुसले, हे पण लिही म्हणालो. लिहिलं.

आता सही. मला वाटलं निदान ती तरी मी करावी. पेन घेतलं. पहिलं अक्षर बरं आलं, दुसरं लहान, तिसरं राईएवढं. पेन तसंच धरून बसलो. तिने माझ्या हातावर हात ठेवला, पण पेन ओढून घेतलं नाही. वाट बघत राहिली. मग मला आठवलं की मीच शिकवलंय.

ताबा तुझा, म्हणालो.

ताबा माझा.